गुळाच्या ढेपांवरची गाडी

शेवटचा साधा दिवस एका घोषणेनं सुरू झाला.

"सायलेन्सर मीच बसवणार! मेकॅनिकचा खर्चा कशाला?" वडीगोद्रीचे गुळाचे व्यापारी उत्तमचंद दुकानासमोर गाडीला जॅक लावत म्हणाले.

"पप्पा, मी लोखंडी स्टँड आणलेत," त्यांची मुलगी रितिका म्हणाली.

"लोखंड कशाला? घरचा माल आहे की!" त्यांनी गाडीखाली गुळाच्या ढेपा रचल्या आणि जॅक काढला. "ठोकून बघ, दगड आहे दगड!"

"बिलकुल बराबर, शेठ!" समोरचे टेलर लालमियाँ म्हणाले. त्यांनी आयुष्यात सायकलही दुरुस्त केली नव्हती.

उन्हाला मात्र कुणी विचारलं नव्हतं. दुपारी त्या दगडाला पाझर फुटला आणि मुंग्यांची रांग लागली. उत्तमचंद पक्के जैन. मुंग्या चिरडून सायलेन्सर कसा बसवणार? चपला गाडीपाशी काढून ते अनवाणी आत गेले, पुंजणी शोधायला. जीव न दुखवता बाजूला सारायची ती मऊ झाडणी.

तेवढ्यात चिखलात म्हैस बसावी तशी गाडी गुळात बसली! बाहेर दिसत होत्या फक्त चपला.

"शेठ खाली गेल्ते!" लालमियाँ किंचाळले. रितिकाच्या आईनं, तारादेवींनी, हंबरडा फोडला. अर्धा बाजार जमला. एक म्हणे पुढून उचला, दुसरा म्हणे मागून. तिसरा व्हिडिओ काढत ओरडत होता, "जल्दी करा!" रितिका पालथी पडून गाडीखाली चाचपडत होती. हाताला नुसता गूळ लागत होता.

मागून एकजण गर्दीत घुसला आणि त्यानं बंपरला हात घातला. "अरे रे! कोण अडकलं?"

उत्तमचंद! बगलेत पुंजणी!

सगळा बाजार हसला. "बघ, मुंग्यांनी वाचवलं!" ते ऐटीत म्हणाले.

"मूर्खपणा आहे हा!" रितिका ओरडली. मग संध्याकाळभर बोललीच नाही.

सकाळी उत्तमचंद झोपेतून उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाडीचा काही संबंध नव्हता.

उठावणा, म्हणजे शोकसभा, झाल्यावर रितिकानं चाकांना दगड लावले, गाडी जॅकनं उचलली, खाली लोखंडी स्टँड ठेवले, गदागदा हलवून पाहिलं. गाडी हलली नाही. मुंग्या अजून येतच होत्या. तिनं हळूच पुंजणी फिरवली, चपला काढल्या आणि सायलेन्सर घेऊन खाली सरकली.

"बेटी!" लालमियाँ धावत आले. "चपला काढून पुन्हा घाबरवू नको गं!"

रितिकाचा पाना थांबला.

"पप्पा," गाडीखालून ती स्पष्ट म्हणाली, "त्या दिवशी मी चिडले नव्हते. घाबरले होते."