दादाच्या कोटातला माणूस

कपडे कसे वाळवायचे हे मला कोणी शिकवू नये! लाँड्रीचं दुकान आहे माझं, स्वतःचं. आमच्या गावात ऋतू दोनच. एक उन्हाळा आणि दुसरा कडक उन्हाळा. दोरीवर शेवटचा कपडा घालेपर्यंत पहिला वाळून खडखडीत झालेला असतो. तेव्हा कपडे वाळवता वाळवता माझं वाटोळं झालं असं मी सांगितलं, तर हसू नका. निदान लगेच तरी हसू नका.

त्याचं झालं असं. चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही, दुकान एके दुकान करत वर्षं गेली. मनात इच्छा एकच. पडत्या बर्फात एकदा उभं राहायचं! फ्रीजमधला नव्हे हो, आकाशातून पडणारा. डोक्यावर, खांद्यावर, जिभेवर पडू द्यायचा. आणि तेही एकटीने, कोणाच्या पिशव्या न सांभाळता.

घरात जाहीर केलं, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, दादाने, वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"एकटी?"

"एकटी."

"म्हणजे सोबत कोणीच नाही?"

"दादा, एकटी म्हणजे तेच असतं."

"जाऊ दे रे तिला," आई मध्येच म्हणाली. "प्रवासात माणसं भेटतात."

आईला कुठली माणसं म्हणायची होती ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती माझ्यासाठी अजून स्थळं बघते. तिच्या अपेक्षा खाली येत येत आता 'श्वास घेणारा असावा' इथवर आल्या आहेत.

शेवटी दादा तयार झाला, पण अट घालून. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. काही घोटाळा झाला, तर पहिल्या गाडीने परत यायचं आणि पुन्हा एकटीने कुठे जायचं नावही काढायचं नाही. मी कबूल केलं. घोटाळा कसला होतोय? मला बर्फात उभंच तर राहायचं होतं!

अट घातली तरी दादा मायाळू. त्याने कपाटाच्या तळातून स्वतःचे लोकरी कपडे काढून दिले. लांब कोट, जाड पँट, कानटोपी, मफलर. दादा सहा फूट उंच आहे आणि मी त्याच्या खांद्याला जेमतेम लागते. पँटचे पाय दुमडून दुमडून मी कशीबशी त्यात उभी राहिले. त्यात इतक्या वर्षांच्या डांबराच्या गोळ्यांचा वास! बसमध्ये माझ्या शेजारचे गृहस्थ आधी शिंकले, मग खोकले आणि मग उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले.

पोचले तेव्हा जमिनीवर बर्फ होता, पण शिळा, चिखल लागलेला. आकाश निळंशार आणि ऊन कसं लख्ख! लॉजची मालकीणबाई चिमणीएवढी, बोलायलाही बेताची. ती म्हणाली, "आज-उद्यात नवीन पडेल बघा."

म्हटलं, पडेल तेव्हा पडेल, तोवर एवढं ऊन वाया घालवायचं? लाँड्रीवालीला ऊन वाया गेलेलं बघवत नाही. दादाचे कपडे टबात बुडवले. मग स्वतःचे प्रवासाचे कपडेही त्यातच टाकले. मग म्हटलं, पाणी गरम आहेच, तर उरलेलेही होऊन जाऊ देत! अंगावर राहिला एक सुती गाऊन. त्यावर लॉजचं ब्लँकेट लपेटलं आणि मागच्या अंगणातल्या दोरीवर सगळं झटकून वाळत घातलं.

मालकीणबाई दारात आली. "बाहेर वाळत घालताय?"

"ऊन आहे ना!"

"ऊन आहे हो, पण..."

"बाई, माझं लाँड्रीचं दुकान आहे."

ती गप्प झाली. का गप्प झालीस गं बाई? एक शब्द बोलली असतीस तर!

तासाभराने कपडे काढायला गेले. पँटला हात लावला, तर ती टक्‌ अशी वाजली! फळीच झाली होती तिची. कोटाचे दोन्ही हात वाहतूक पोलिसासारखे आडवे पसरलेले. चिमटे निघेनात, घडी पडेना. पँट शिडीसारखी खांद्यावर टाकून मी बोळातून निघाले, तर तिच्या पायाने भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. कोट दारातून आत जाईना. तो आडवा करून, तिरका करून, लोटून आत घेतला. वीस वर्षांत गिऱ्हाइकाचं बटणसुद्धा हरवलं नव्हतं मी, आणि इथे आख्खे कपडे मेलेले!

"हीटरजवळ ठेवा," मालकीणबाई घड्याळ उचलत म्हणाली. "सावकाश सुटतील."

खोली केवढीशी! माझे स्वतःचे कपडे दोरीवरच गोठलेले राहू दिले. पँट हीटरजवळच्या भिंतीला टेकवून उभी केली. तिच्यावरच्या खुंटीला कोट अडकवला, त्याच्यावरच्या खुंटीला कानटोपी, मध्ये मफलर. मी दमून खाटेवर टेकले आणि खिडकीकडे पाहिलं.

बर्फ पडत होता!

कापूस पिंजल्यासारखा, शांतपणे. किती वर्षं वाट पाहिली होती याची! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आणि अंगात काय, तर गाऊन! उठून दाराकडे धावले, परत फिरले, पुन्हा धावले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पडद्यावर दादा, वहिनी आणि मध्ये आईचं कपाळ.

"दादा, बर्फ! हे बघ, बर्फ!" मी ओरडले.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "तुमच्या मागे कोण उभंय?"

"कोणी नाही. खिडकीत बघा, खिडकीत!"

"आहे ना. उंच आहे. टोपी घातलीय."

मी मागे वळून पाहिलं आणि हसायलाच लागले. "अगं वहिनी, ते दादाचे कपडे!"

दादाने फोन डोळ्यांजवळ नेला. "माझे कपडे घालून तुझ्या खोलीत कोण उभंय?"

"कोणी घातले नाहीत रे! ते आपले आपण उभे आहेत!"

"कपडे आपले आपण उभे राहतात?"

"इथे राहतात!"

मी आणखी काही सांगणार, एवढ्यात हीटरच्या उबेने पँटचे गुडघे सुटले. ती भिंतीवरून हळूहळू घसरत खाली आली.

"अहो, तो बसला!" वहिनी किंचाळली. "आपल्यासमोर खुशाल बसला!"

पाठोपाठ कोटाचा आडवा हात सैल झाला आणि अलगद माझ्या खांद्यावर आला. त्यावर आईने "अगं बाई!" म्हटलं, पण त्यात भीती नव्हती. पुरावा म्हणून मी खिडकी उघडली आणि त्यांना बर्फ दाखवायला फोन बाहेर धरला. गारठ्याने फोनने तिथेच मान टाकली.

तो हीटरजवळ ठेवून चालू व्हायची वाट बघते आहे, तोच मालकीणबाईने दार वाजवलं. "तुमच्या भावाचा लॉजवर फोन आला होता. खोलीत पुरुष आहे का, विचारत होते."

"मग? काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, पुरुष नाही, पुरुषाचे नुसते कपडे आहेत. बाईंनी स्वतः काढून धुतलेत."



बाहेर बर्फ पडतच होता. मालकीणबाईने तिचा कोट देऊ केला, पण त्यात माझा एकच हात गेला, तोही कोपरापर्यंत. शेवटी खिडकीतून नुसता तळहात बाहेर काढला. चार कण पडले. जिभेवर ठेवायला हात आत आणेपर्यंत त्यांचं पाणी झालं होतं. त्या क्षणी मला फार रडू आलं. एवढा प्रवास, एवढी वर्षं, आणि हातात काय, तर पाणी! ते तर आमच्याकडे नळाला येतं!

सकाळी बर्फ थांबलेला, कपडे दमट. फोन लागला, तो वहिनीने उचलला.

"वहिनी, दादाला दे. सगळं समजावून सांगते."

"ते रात्रीच निघालेत, वन्सं. मी काही बोलणार नाही. पण तो बसला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय."

मग आईने फोन ओढून घेतला आणि कुजबुजली, "दादाकडे लक्ष देऊ नकोस. आत्ता काय करतोय तो?"

"आई, तो वाळतोय!"

"अगं, मग नीट खायला घाल त्याला!"

दुपारी दार धडधडलं. दारात दादा! अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कारण त्याचे लोकरी कपडे माझ्याकडे. ओठ निळे, दात टकाटका वाजताहेत.

"कु... कु... कुठे आहे तो?"

मी हीटरकडे बोट दाखवलं. नुकतीच वाळलेली पँट, कोट, टोपी. दादाने खाटेखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, मोरीत डोकावून आला. मग ते सगळे कपडे अंगात चढवले आणि हीटरला जवळजवळ मिठीच मारली.

"पटलं ना?" मी विचारलं. "माणूस नव्हता."

"माणूस नव्हता, हे खरं," दात थांबल्यावर दादा म्हणाला. "पण घोटाळा झाला. उद्या पहिल्या गाडीने परत. यापुढे एकटीने कुठे जायचं नाही. अट म्हणजे अट."

"दादा, मी अजून पडत्या बर्फात पाय ठेवलेला नाही!"

"मग घोटाळा करायचा नव्हता."

आणि तेवढ्यात पुन्हा बर्फ पडायला लागला. दादा खिडकीशी गेला. "जरा बघून येतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच! माझे कपडे अजून दोरीवरच गोठलेले, म्हणून मी गाऊन आणि ब्लँकेट सावरत खिडकीत उभी. बाहेर माझा थोरला भाऊ दोन्ही हात पसरून गरागरा फिरतोय, जीभ बाहेर काढतोय! माझा बर्फ खातोय! "अगं, ये ना बाहेर," वर मलाच ओरडून सांगतोय, "आत काय बसलीस?" इतकी हताश मी कधी झाले नव्हते.

मग त्याने घरी फोन लावला. खिडकीची फट उघडीच होती, म्हणून सगळं ऐकू आलं.

"आला, आला! हाच तो!" आईचा आवाज आनंदाने फुलला होता. "नमस्कार हो! जरा चेहरा दाखवा ना."

दादाने टोपी काढली.

"शी!" आई म्हणाली. "हा तर आपलाच निघाला!" तिने फोन सोडला असावा, कारण पुढचा आवाज वहिनीचा होता.

"अहो, आणि तुमच्या मागे खिडकीत ती बाई कोण उभी आहे? गाऊनमध्ये?"

"कुठे? ती होय? ती आपली..." म्हणत दादा फोनसकट माझ्याकडे वळला.

मी झटकन खाली बसले आणि पडदा ओढून घेतला.

"आपली कोण? आपली कोण, अहो?" वहिनीचा आवाज चढत गेला. "ती लपली का? तुम्ही आत्ताच्या आत्ता परत या!"

पडद्याआड मला प्रथमच जरा ऊब वाटली. म्हटलं, बघू या आता पहिल्या गाडीने कोण परत जातं ते! मी राहणार, बर्फ पडणार आणि मी त्यात मनसोक्त उभी राहणार!

आणि मग लक्षात आलं. दादा जाणार तो कोट घालूनच जाणार की हो!