लीडरपदासाठी एक झुरका

सयाजीने सिगारेट सोडली आणि महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं, की आपण सिगारेट नव्हे, अख्खी कंपनीच सोडून बसलोय!

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या सीट बनायच्या. पण बातम्या बनायच्या त्या गेटबाहेर, छबूबाईंच्या टपरीमागे. शिफ्ट कुणाची बदलली, ओव्हरटाइम कुणाला, सगळं तिथंच कळायचं. आणि आता खुद्द प्रॉडक्शनचे निरंजन साहेब तिथं झुरके मारत नवा लाइन लीडर हेरत होते! लीडर झाला की रात्रपाळी कायमची सुटणार. सयाजीला ती जागा हवी म्हणजे हवीच होती.

"मग नुसता चहा प्यायला जा की," बायको दिपाली म्हणाली. "साहेबांना तोंड दिसलं म्हणजे झालं."

सयाजी गेला. पण साहेब पडले सज्जन!

"अहो सयाजीराव, तुम्ही सोडलीय ना? मग धुरात कशाला? तिकडं उभे राहा, तिकडं!"

तिकडं म्हणजे थेट रस्त्यापलीकडे, वडापावच्या गाडीशी. तिथून साहेबांची फक्त पाठ दिसायची, आणि त्यांच्या कानाला लागलेला कोंडीराम. त्यालाही लीडरच व्हायचं होतं. साहेबांनी खिशात हात घालायचा अवकाश, की याचा लायटर पुढे!

तिसऱ्या दिवशी सयाजीचं डोकं फिरलं. त्याने एक सिगारेट घेतली, न पेटवता बोटांत धरली आणि सरळ धुरात घुसला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते आत गेले. पण कोंडीराम कसला सोडतोय!

"काय राव, पूजा करतो का तिची? घे, पेटव!" म्हणत त्याने पेटवलीसुद्धा.

आता पेटलेली टाकायची कशी? सयाजीने एकच झुरका मारला. अहाहा! संध्याकाळपर्यंत अख्खं पाकीट संपलं.

"जागा मिळू दे, त्याच दिवशी सोडतो. आईशप्पथ!" त्याने घरी सांगितलं.

"नाही मिळाली तर मीच सोडीन तुम्हाला," दिपाली कडाडली.

आणि काय नशीब बघा, दुसऱ्या दिवसापासून साहेब टपरीवर येईनासेच झाले! त्यांची वाट बघत सयाजी एकामागून एक ओढत राहिला. शेवटी एका दुपारी केबिनमधून बोलावणं आलं. मूठभर बडीशेप तोंडात कोंबून तो धावला.

"या, लीडर!" साहेब ओरडलेच. "त्या दिवशी हातात सिगारेट असून तुम्ही पेटवली नाहीत. बघितलं मी! काय तो ताबा! तुमचं बघून मीपण सोडली. लाइन अशाच माणसाच्या हातात हवी!"

सयाजीला नाचावंसं वाटलं. रात्रपाळी सुटली! आता दिपालीला दिलेला शब्दही पाळता येणार. इतक्यात साहेबांनी नाक वर केलं.

"कसला हो वास येतोय?"

सयाजी दोन पावलं मागे सरकला. "ते... टपरीवर उभा होतो, साहेब."

साहेब खुर्चीतून उठले, त्याच्या खांद्याशी आले आणि डोळे मिटून त्यांनी सयाजीचा शर्ट हुंगला. एकदा. मग पुन्हा, पोटभर.

"हलू नका," ते गहिवरून म्हणाले. "सयाजीराव, लीडर म्हणून पहिलं काम सांगतो. रोज सुट्टीत टपरीवर जायचं, भरपूर धुरात उभं राहायचं आणि तिथून सरळ माझ्याकडं यायचं. एकही खाडा चालणार नाही!"