जोंधळे बाईंचा पडताळा

जोंधळे बाईंसमोर ‘एक होता राजा’ म्हणायची आमच्या शाळेत कुणाची बिशाद नाही. बाई चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “खरं हाय का?”

खरं नसेल ते लहान पोरांना वाचायला द्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. त्यांच्या कपाटात गांडूळ, विहीर, मधमाशी, रेल्वे इंजिन अशा खऱ्या गोष्टींची चित्रांची पुस्तकं आहेत. मी एकदा बोलणाऱ्या सशाचं पुस्तक आणलं. “सर, हा ससा बोलून राहिला? मग ह्याला चौथीत बसवा,” म्हणत त्यांनी ते माझ्या हातात परत ठेवलं.

पुस्तक वाचलं की पडताळा करायचाच. आमची शाळा किनवटच्या जंगलाकडची, त्यामुळे पडताळ्याला तोटा नाही. ‘पाल घाबरली की शेपूट टाकते’ हे वाचून पोरं थेट ऑफिसातल्या पालीमागे लागली. हेडमास्तर टेबलावर चढले, त्यांच्या हजेरीपटावर शेपूट वळवळू लागलं आणि पोरं नाचू लागली, “बाई, खरं हाय!”

“म्याडम, पुढचं पुस्तक कशावर हाय?” हेडमास्तरांनी वरूनच विचारलं.

“विंचवावर.”

हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

पण पोरं वाचतात, हे कबूल करायला हवं. रेणुका पाठ्यपुस्तकातल्या ‘कमळ’पाशीच अडून बसायची. तिच्या घरी मध काढतात. मधमाशीचं पुस्तक हातात पडलं आणि पोरगी बोट ठेवून भराभरा वाचू लागली.

एक पुस्तक मात्र बाई कधीच बाहेर काढत नसत. ते भूकंपाचं होतं. तळाशी कोरं करकरीत पडलेलं. विसरल्या असतील, असं मला वाटायचं.

परवा दुपारी खिचडीनंतर पत्रे थडथडले. “भायेर! मैदानात!” बाई ओरडल्या. क्षणात सगळं थांबलं, कुणाला काही झालं नाही, पण पोरं रडायला लागली. मी समजूत घातली, “काही नाही रे, शेषनागानं कूस बदलली.”

“सर, खोटं सांगू नका पोरांना.” बाईंचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात शिरेनात. बाईंनी लिंबाखाली सतरंजी टाकली आणि ते पुस्तक आणलं. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर पडक्या घराचं चित्र होतं. तिथे बाईच अडून बसल्या. रेणुका जवळ सरकली आणि बोट ठेवून वाचू लागली, “जमिनीच्या खाली मोठे खडक असतात. ते सरकतात...”

वाचून झाल्यावर तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, “बाई, ह्याचा पडताळा कसा करायचा?”

“नको करू, बाळा. खरं हाय हे. मी बघितलंय. मी किल्लारीची हाय.”

बाई लातूरकडच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

“तुमच्याएवढीच होते,” त्या म्हणाल्या. “आई गेली, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मावशी म्हणायची, आजोळी गेलीय, येईल. मी लई दिवस एसटीची वाट बघत फाट्यावर बसायची. खरं हाय का, असं विचारायचं मला सुचलंच न्हाई.”

रेणुकानं पुस्तक परत पहिल्या पानावर आणलं आणि वाचायला लागली. या वेळी ती बाईंना वाचून दाखवत होती.