चाळीस अँपिअरची अंघोळ

बकुळाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन वापीला व्यवस्थित पार पडलं आणि डहाणूजवळच्या वरोरच्या घरात एक गंभीर प्रश्न उभा राहिला, तो अंघोळीचा. डॉक्टरांनी पाटावर बसायला आणि बादली उचलायला सक्त मनाई केली होती. पहाटे परसातल्या चुलीवर चिकूच्या काटक्या घालून हंडाभर पाणी तापवायचं, दौलतरावांची बादली न्हाणीत नेऊन ठेवायची, ते अंघोळ करून बाहेर आले की उरलेल्या पाण्यात आपलं आटपायचं, हा नेम बकुळाबाईंनी लग्न झाल्यापासून मोडला नव्हता. आता कामाला येणारी गंगी ते करायची, पण ती येईपर्यंत उन्हं वर यायची. तोवर बकुळाबाई पारोशा अंगाने खुर्चीत बसून राहत. दौलतरावांना ते बघवत नसे. पण आपण स्वतः चूल पेटवावी, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मुलगा प्रितेश इंग्लंडात लेस्टरला नोकरीला होता. त्याने ओळखीच्या माणसाबरोबर तिकडचा इलेक्ट्रिक शॉवर पाठवून दिला. भिंतीवर एक डबा, त्यातून जाता जाता पाणी तापणार, आईने नुसतं भिंतीतला दांडा धरून खाली उभं राहायचं. फोनवर त्याने बजावलं, "बाबा, याला वेगळा बोर्ड आणि वेगळा ब्रेकर लागतो. तिथे काटकसर नको. आई पाण्यात उभी असणार आहे."

शेवटचं वाक्य दौलतरावांच्या काळजात रुतलं. मुलीसाठी स्थळ बघताना केली नव्हती एवढी चौकशी त्यांनी ब्रेकरची केली. डहाणूहून तुषार इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याच वेळी शेजारच्या वाडीतून चुलतभाऊ जतीन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो तसाच येत असे.

"याला चाळीस अँपिअरचा ब्रेकर," तुषार म्हणाला. "मीटरपासून जाड वायर, नवीन अर्थिंग, आणि अख्ख्या बोर्डाला एक लीकेजचा ब्रेकर. करंट जरा कुठे जमिनीत उतरला की तो लगेच पडणार, वीज बंद."

"चाळीस कशाला? त्रेसष्टचा घे," जतीन म्हणाला. "माझ्या पंपाला त्रेसष्टचाच आहे. एकदा तरी पडला काय?"

"तो पडत नाही म्हणून तर तुमच्या मोटरी जळतात, काका."

"मोटर जळली तर नवं वायंडिंग भरून मिळतं. सारखं उठून ब्रेकर वर कोण करणार?"

दौलतराव म्हणाले, "जतीन, जो कधी पडतच नाही त्याला ब्रेकर कशाला म्हणायचं? खुंटी म्हणायची. तुषार, चाळीसचा लाव."

मीटरचा लोड वाढवून झाला, घरातल्या सगळ्या लाइनी नव्या बोर्डावर आल्या. न्हाणीबाहेरच्या भिंतीवर बोर्ड बसला, त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी पहाटे बकुळाबाई आत गेल्या. पाण्याची वाफ दाराखालून बाहेर आली तेव्हा दौलतरावांना भरून आलं. तेवढ्यात बोर्डात खाट्कन आवाज झाला आणि घरभर अंधार झाला.

"अहो," आतून शांत आवाज आला. "डोक्याला साबण लागलाय. पाणी बर्फ झालंय."

दौलतरावांनी बॅटरीच्या उजेडात लीकेजचा ब्रेकर वर केला. तो पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. इतक्यात वाडीतून जतीन हजर झाला.

"बोललो होतो ना मी? सरक. दोन वायरी बाहेरून जोडतो, दोन मिनिटांत पाणी गरम."

त्याने पक्कड काढलीसुद्धा. दौलतराव बोर्डासमोर आडवे उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "आत बकुळा आहे." असा स्वर जतीनने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याने पक्कड खिशात घातली.

आता साबणाचं काय? दौलतराव परसात गेले, चूल पेटवली, धुराने डोळे लाल करून घेतले आणि धापा टाकत बादली घेऊन न्हाणीत शिरले. बकुळाबाई दांडा धरून कुडकुडत उभ्या होत्या.

"डोळे मीट," ते म्हणाले आणि तांब्या ओतला.

"कानामागे राहिलाय साबण."

"दिसतोय मला."

दुपारी तुषारने दोष शोधून काढला. चिकूवर वटवाघळं येऊ नयेत म्हणून जतीनने पूर्वी दौलतरावांच्या वाडीत एक दिवा बसवला होता. काटकसर म्हणून घरातून एकच वायर नेली आणि दिव्याचं दुसरं टोक विहिरीजवळ ठोकलेल्या पहारीला बांधलं. त्या पहाटे झाडांना पाणी सोडताना त्यानेच तो दिवा लावला, करंट जमिनीत उतरला आणि लीकेजचा ब्रेकर इमानाने पडला. तुषारने ती वायर काढून टाकली. जतीन आठवडाभर फिरकला नाही.

पण शॉवरची साडेसाती काही संपेना. तुषारने तपासला की पाणी कढत यायचं. बकुळाबाई आत गेल्या की थंडगार, आणि बाहेर चाळीसचा ब्रेकर पडलेला. घरात दिवे चालू, फक्त शॉवर बंद. दौलतराव आता आधीच उठून पाणी तापवून ठेवू लागले. बादली नेत, पाठ चोळून देत, केसांवरून पाणी सोडत. बकुळाबाई माहेरच्या गोष्टी सांगत, ते ऐकत. इतक्या वर्षांत त्यांनी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

तुषारने ब्रेकर बदलला. तरी तेच. शेवटी एके दिवशी तो अंघोळीच्या वेळेलाच आला आणि ब्रेकर पडल्यावर बोर्ड जवळून न्याहाळत राहिला. मग दौलतरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, या कंपनीचा ब्रेकर आपोआप पडला ना, तर खटका मधेच लटकतो. हा पार खाली आहे."

"मग?"

"हाताने बंद केलाय. न्हाणीत जाता जाता."

दौलतरावांनी खटका बघितला. तोंडावर काहीतरी येऊन गेलं, ते त्यांनी टॉवेलने पुसलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. पार्ट खराब आहे म्हण. मुंबईहून मागवायला लागेल."

ओले केस पुसत बकुळाबाई बाहेर आल्या. तुषारने गंभीर चेहऱ्याने निकाल सांगितला, "काकी, पार्ट मुंबईहून यायचाय. वेळ लागेल जरा."

"लागू दे," बकुळाबाई म्हणाल्या. "घाईघाईत भलता पार्ट नको बसवूस."

दौलतराव तोवर परसात जाऊन उद्यासाठी काटक्या मोडायला बसले होते.