शहाडला गाडी पाच मिनिटं

केळशीकर अण्णा रोज सकाळी मिशांच्या कात्रीनं डोंगरावरचं गवत कापायचे आणि कापता कापता त्या गवतावर ओरडायचे. "काल सांगितलं होतं ना, कमरेच्या वर जायचं नाही म्हणून!" गवत म्हणजे हळीव. डोंगर म्हणजे बांबूच्या कांबींवर ताणून बसवलेलं, खळीत बुडवलेलं पोतं. आणि हे सगळं डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर.

मला या माणसाचा राग यायचा. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या रागामुळेच घडलं.

अण्णा कचेरीत नकाशे गिरवायचे. सत्तेचाळीस साली देश सोडून निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी चावीची आगगाडी आणि रूळ उचलले. मग खोलीतली खाट गेली, टेबल गेलं. पाहुणे तर आधीच यायचे बंद झाले होते. राहिली एक आठ फुटी फळी. तिच्यावर डोंबिवली, कल्याण आणि शहाड. सिगारेटच्या पाकिटांची घरं, विटकरीच्या चुऱ्याचे फलाट, फुटक्या आरशाची उल्हास नदी. खऱ्या फुटाला इथं पाव इंच. "माप बघा, माप!" हे भाजीवालीपासून चाळमालकापर्यंत सगळ्यांना ऐकावं लागायचं.

शेजारच्या गोदाकाकूंनी एकदा कौतुकानं नातवाच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आणला आणि कल्याणच्या फलाटावर उभा केला. अण्णा कडाडले, "काकू, मापानं हा माणूस चोवीस फूट उंच आहे! याला डब्यात बसवू कुठं?"

"मग टपावर बसवा की!" काकू म्हणाल्या. "तुमच्या गावात भांडायला तरी कुणी असेल."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मी भांडत नसे. माझा स्वभाव मुळातच मुखदुर्बळ, आणि मी त्याला सभ्यपणा म्हणायचो. एकदाच हळूच सुचवलं, "अण्णा, हळिवापेक्षा रंगवलेला भुसा लावला तर? पाणी नको, काही नको."

"भुसा तुमच्या डोक्यात, बापट! गवत वाढलं पाहिजे. शहाडला नदीकाठी वाढतं की नाही?"

शहाडचं त्यांना भारी वेड. गाडी डोंबिवलीला अर्धं मिनिट थांबायची, कल्याणला एक मिनिट, शहाडला घड्याळ लावून पाच. मी म्हटलं, खरी गाडी तर तिथं धड टेकतही नाही. "उतरणाऱ्याला वेळ नको?" ते माझ्यावरच खेकसले. "सामान असतं माणसाजवळ!"

गणपतीपासून त्यांनी हळिवाचे प्रयोग मांडले. पेरायचं, उगवलं की दिवस मोजायचे, उपटायचं, पुन्हा पेरायचं. म्हणजे रोज पाणी. आणि आमचं छत म्हणजे लाकडी फळ्या. आधी ओल आली, मग डाग, मग थेंब. बायको म्हणायची, "अहो, वर जाऊन सांगा ना एकदा." मी म्हणायचो, "बघू." आणि आतल्या आत धुमसायचो.

दिवाळीच्या आधी बायकोनं चिवडा करून गार व्हायला वर्तमानपत्रावर पसरला होता. त्यावर वरून गढूळ धार आली. अख्खी उल्हास नदी चिवड्यात उतरली. बायको रडायला लागली. मी कागद घेतला आणि डाव्या हातानं चाळमालकाला चिठ्ठी लिहिली, वर उकिरडा साचलाय म्हणून. गळतीचं नाव काढलं नाही. खाली सही केली नाही.

दुसऱ्याच दिवशी मालक आला आणि वर जाऊन गरजला, "माझ्याकडे चिठ्ठी आलीय! उद्या संध्याकाळपर्यंत हा उकिरडा हलला नाही, तर तुमच्यासकट बाहेर काढीन!" मी खाली कान टवकारून बसलो होतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं अण्णा माझ्या दारात. आवाज एवढा खाली की मी आधी ओळखलाच नाही. "बापट, चार दिवस माझी फळी तुमच्याकडे ठेवता का? फक्त पाडव्यापर्यंत. आमची ही येणार आहे."

त्यांची बायको हयात आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"नऊ वर्षं माहेरीच आहे, शहाडला. माझ्या ओरडण्याला कंटाळून गेली. यंदा पत्र आलं, पाडव्याला ओवाळायला येते म्हणून. तिचं स्टेशन तिला हिरवंगार दाखवायचं..." बोलता बोलता त्यांची नजर वर गेली. छतावरचा डाग ते बघतच राहिले. "हे माझं पाणी?"

मी मान हलवली.

"अहो मग बोलायचं ना! ओरडायचं माझ्यावर! एकदा जरी ओरडला असतात, तरी त्याच दिवशी उपटून टाकलं असतं सगळं!" मग स्वतःच वरमले. "नको. तुम्ही आधीच खूप सोसलंत. आणि ती काकू बघा, चोरून चिठ्ठी लिहिते!"

इथं मला दोन वाक्यं बोलायची होती. चिठ्ठी माझी. फळी आणा खाली. माझ्या खोलीची जमीन मातीची, तिच्यावर कितीही पाणी सांडलं असतं तरी काय बिघडणार होतं? अण्णा दारात रेंगाळले. मी चपला सरळ करत बसलो. ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं सगळं मोडलं. चाळीमागच्या कचऱ्यावर हिरवे डोंगर पडले होते. बोटभर वाढलेले, एकसारखे कापलेले.

पाडव्याला त्या आल्या. वर ताम्हन वाजलं, मग चावीची किरकिर ऐकू आली आणि गाडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळ्या जमिनीवर धावली. ओरडण्याचा आवाज दिवसभरात एकदाही आला नाही.

संध्याकाळी दोघं जिना उतरले. त्या परत निघाल्या होत्या. अण्णांच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं शहाड स्टेशन होतं. माझ्या दाराशी ते थांबले.

"हे बापट. दोन महिने माझं पाणी अंगावर घेतलं, पण एका शब्दानं बोलले नाहीत."

बाईंनी मला वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "शिका जरा यांच्याकडून."

गोदाकाकू वरच्या कठड्यावरून बघत होत्या. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी हात जोडले.