ऑर्किडची तहान

आमच्या हेडक्लार्कांनी एखादं काम मनावर घेतलं की ते झालंच समजा. (बिघडलंच, असंही म्हणता येईल.) कचेरीतल्या आपल्या वजनाबद्दल तर त्यांना शंकाच नव्हती. दहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात त्यांनी राजीनामा लिहिला आणि पोस्टात टाकायला बायकोकडे दिला. आठवडा गेला, महिना गेला, पण मोठ्या साहेबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही! "माझ्यासारखा माणूस सोडवेल का त्यांना?" हे वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ होतं.

यंदा बायको आपल्या आईला घरी ठेवून दोन महिने लेकीकडे निघाली. निघताना बजावलं, "अहो, माझ्या ऑर्किडला जपा. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा पोरांनी वर्गणी काढून दिलंय. त्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नका."

हेडक्लार्कांनी ते इतकं जपलं, रोज तांब्या तांब्या पाणी घातलं, की आठवड्यात मुळं कुजली. धाबं दणाणलं. धावत रोपवाटिका गाठली. माळी म्हणाला, "कुजलेलं कापा, कुंडीतली झाडाची साल नि कोळसा काढून टाका, आणि काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यावर वाढवा. पण..."

'पण' ऐकायला थांबतो कोण?

कॉफीची रिकामी बरणी सापडली. सकाळी ती गळ्यापर्यंत भरून ते कचेरीत जात. संध्याकाळी येऊन पाहावं, तर बरणी ठणठणीत कोरडी!

"सासूबाई, बघा! दिवसात बरणीभर पाणी पितंय पठ्ठं!"

"तहान असेल हो जावईबापू," सासूबाई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात हिरवंगार मूळ फुटलं. कचेरीत हेडक्लार्कांची व्याख्यानं सुरू झाली.

बायको परतली. बरणी पाहून तिचे डोळे भरून आले. "वाचवलंत हो!"

"मी त्याला प्यायला शिकवलं," हेडक्लार्क छाती फुगवून म्हणाले.

सासूबाईंना हसू आवरेना. "अहो, पाणी मी ओतत होते मोरीत, रोज दुपारी! सतत पाण्यात राहिलं तर मुळं पुन्हा नाही का कुजणार? थोडं भिजायचं, मग वारा खायचा."

माळ्याचा 'पण' तो हाच. हेडक्लार्क आधी ओशाळले, मग मनापासून हात जोडून म्हणाले, "सासूबाई, तुमचे उपकार कसे फेडू? आज माझी धडगत नव्हती."

"माझे कसले उपकार? हिनेच सांगितलं होतं, ते सकाळी जे करतील ते दुपारी निस्तर."

"मग? तीस वर्षं मी तरी दुसरं काय केलं?" म्हणत बायकोने कपाट उघडलं आणि कपड्यांच्या घडीखालून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. वर मोठ्या साहेबांचा पत्ता, हेडक्लार्कांच्याच वळणदार अक्षरात. तिकिटावर शिक्का नव्हता.

त्याच नोकरीवर लेकीचं शिक्षण झालं होतं, हे घर उभं राहिलं होतं. कृतज्ञतेने निदान काहीतरी करावं म्हणून हेडक्लार्क तांब्या घेऊन बरणीकडे वळले.

"तुम्ही बसा!" मायलेकी एकदम ओरडल्या.