घशाला बाधलेली शपथ

सोमवारी सकाळी चहात पोळी बुडवता बुडवता रिता म्हणाली, "मम्मी, माझा गळा दुखून राहिला." दारात बूट घालत असलेला तिचा बाप कुंदन हे ऐकून एक पाय बुटात आणि एक पाय मोज्यात, अशा अवस्थेत तिथेच खाली बसला.

"डॉक्टरकडे नेऊ," तो म्हणाला.

करुणाने नवऱ्याकडे वळून पाहिलं. कुंदन वरठीच्या पोलाद कारखान्यात फिटर होता. गेल्या वर्षी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर भलामोठा पाना पडला, नख काळंनिळं झालं, तरी हा माणूस आठवडाभर लंगडत ड्युटीवर गेला होता. रोज कारध्याच्या घरून वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यावरूनच तो जायचा, पण वाटेतल्या एकाही दवाखान्यासमोर त्याची मोटरसायकल थांबली नव्हती. 'आपोआप बरं होते' हे त्याचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं.

"एवढी काय घाई?" करुणा म्हणाली. "आता तं दुखाले लागला."

तिने रिताच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. नाक मात्र वाहत होतं. मागच्या खेपेला रिता आजारी पडली तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टर मॅडमनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पाणीसुद्धा गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, श्वासाला त्रास होत असेल, तर एक मिनिट थांबायचं नाही. ताप चढला, अंगावर पुरळ आलं, मानेला गाठी सुजल्या, तरी घेऊन यायचं. नुसती सर्दी आणि घसा असेल तर कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि तीन-चार दिवस धीर. करुणाजवळ धीर भरपूर होता. नऊ वर्षांच्या संसारात तो तिने साठवूनच ठेवला होता.

"पाहू दोन दिवस," ती म्हणाली.

"दोन दिवस?" कुंदन ओरडला. "तू माय आहेस का कोण आहेस?"

आता कुंदनला अचानक असं काय झालं, ते सांगायलाच हवं. दोन महिन्यांपूर्वी रिताचा आठवा वाढदिवस झाला. गल्लीतले सगळे जमले होते. केक कापायच्या आधी कुंदनला काय भरून आलं कोण जाणे, त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं, "आजपासून खर्रा बंद. रिताची शपथ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुपारी, तंबाखू नि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा त्याने सोडावा म्हणून ती आठ वर्षं त्याच्या हातापाया पडत आली होती.

एकवीस दिवस त्याने शपथ पाळली. बाविसाव्या दिवशी कारखान्यातल्या टिकारामने पुडी समोर धरली. कुंदनने क्षणभर विचार केला आणि त्याला असं दिसून आलं की आपली शपथ स्वतः विकत घेतलेल्या खर्ऱ्याची आहे, टिकारामने विकत घेतलेल्या खर्ऱ्याची नाही. तेव्हापासून रोज एक पुडी सुरू होती. घरी येताना पुलाच्या अलीकडे थांबून चूळ भरायची, मूठभर बडीशेप खायची आणि साधुसंतासारखं घरात शिरायचं.

आणि आता पोरीचा घसा धरला होता. डोकं नाही, पोट नाही, नेमका घसा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने टिकारामला सगळं सांगितलं. टिकाराम एकोडी गावचा. असल्या गोष्टींत त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा, निदान तो स्वतः तसं मानायचा.

"डोक्यावर हात ठेवला होता?"

"हो."

"उजवा का डावा?"

"उजवा."

"मंग गेलं," टिकाराम म्हणाला. "डावा असता तं काही रस्ता निघाला असता."

कुंदनने सकाळी त्याच्याकडूनच घेतलेली पुडी खिशातून काढून त्याच्या हातात कोंबली. "हे घे. आजपासून मले विचारू पण नको." टिकारामने मित्राच्या दुःखात सहभागी होत ती पुडी तिथल्या तिथे तोंडात टाकली. कुंदनने घरी सहा वेळा फोन केला. सहाव्या वेळी करुणाने, "पोरगी जिवंत आहे, जेवली आहे आणि आता झोपली आहे," असं सांगून फोनच बंद केला.

मंगळवारी घसा थोडा कमी दुखत होता, पण एक नवीनच गोष्ट घडली. रिता बोलेनाशी झाली. ही पोरगी झोपेतही शाळेतल्या मैत्रिणींशी भांडायची. ती आता मान हलवून हो-नाही करू लागली. त्यातून बाप समोर आला की त्याच्याकडे टकमक बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे. कुंदनच्या काळजाचं पाणी पाणी झालं. लेकराला सगळं कळलं आहे, असं त्याने ठरवून टाकलं.

ड्युटीला दांडी मारून, मोबाईलची बॅटरी लावून त्याने दिवसभरात सात वेळा तिचा घसा पाहिला. मग भंडाऱ्याहून थर्मामीटर आणलं. त्यात अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन आलं. एवढ्या मोठ्या पापाला एवढासा आकडा त्याला पटेना. तो परत पूल ओलांडून गेला आणि दुसरं, महागाचं थर्मामीटर घेऊन आला. त्यात अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ.

"सहा पॉइंट वाढला!" तो ओरडला.

"ताप नाही वाढला जी," करुणा म्हणाली. "थर्मामीटर वाढले."

कुंदनची आई सुमित्राबाई पलंगावर बसून हे सगळं बघत होती. तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट मोठी आहे, असा निकाल दिला. मग डोळे बारीक करून म्हणाली, "घरात कोनं खोटी शपथ तं नाही ना घेतली रे? शपथ बाधली का असंच होते. घेनाऱ्याले काही होत नाही. ज्याची घेतली, त्याले बाधते."

मिरच्यांनी जे केलं नव्हतं, ते या वाक्याने केलं. कुंदनला जोराचा ठसका लागला. रितालाही लागला.

"आता बापाले पण झालं वाटते," करुणा म्हणाली आणि दोघांसाठी पाणी गरम करायला ठेवलं.

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. खर्रा सुटल्यापासून कुंदनचं डोकं ठणकत होतं, घाम येत होता, जेवण जात नव्हतं. रात्रीच्या वरणभातावर तो नुसता बोटं फिरवत बसला. रिताने ते पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून घोगरा आवाज निघाला, "पप्पा, तुमचं डोकं दुखून राहिलं काय?"

"नाही बेटा. मी ठीक आहे."

ते ऐकून रिता उशीत तोंड खुपसून रडायला लागली. कुंदन बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि वैनगंगेच्या दिशेने हात जोडून म्हणाला, "माय, मले काय करायचं ते कर. पोरीले सोड."

बुधवारी सकाळी करुणाने हार मानली. "चला दवाखान्यात. पोरीसाठी नाही, तुमच्यासाठी. नाही तं आज तिसरं थर्मामीटर येईन."

डॉक्टर मंजुषा मॅडमचा लहान मुलांचा दवाखाना भंडाऱ्यात होता. मॅडमनी रिताचा घसा पाहिला, मान चाचपली, कान पाहिले, छाती तपासली. केसपेपरवर रिताचं नाव, वय वर्षं आठ, असं लिहून झाल्यावर त्या हसल्या.

"काही नाही. साधी सर्दी आहे. गुळण्या सुरू ठेवा, दोन दिवसांत खेळायला लागेल. औषधाचीही गरज नाही. करुणाताई, तुम्ही तर घरीच सांभाळता एवढं. आज कशा आलात?"

करुणाने मान न वळवता बोटाने नवऱ्याकडे दाखवलं.

"मॅडम," कुंदन पुढे सरकला, "दुसरं काही कारण तं नसेन?"

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे... वरून."

मॅडमनी वर पाहिलं. वर पंखा फिरत होता. "वरून काय?"

"नाही, तसं नाही. मग ही बोलत काहून नाही? दोन दिवस झाले, तोंडातून धड शब्द नाही."

"हे मात्र विचारायला हवं." मॅडमनी खुर्ची रिताजवळ ओढली. "काय गं, बोलताना दुखतं का?"

रिताने मान हलवली. नाही. मग दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मी शनिवारी शाळेसमोर बर्फाचा गोळा खाल्ला. मम्मीनं विचारलं तं मी पप्पाची शपथ घेतली का नाही खाल्ला म्हणून. आणि आता पप्पाचं डोकं दुखते, ते जेवत पण नाहीत. आजी नेहमीच सांगते, ज्याची घेतली त्याले बाधते. मॅडम, माझे पप्पा मरतीन काय?"

करुणाने पोरीला पोटाशी धरलं. "गोळ्यानं काही झालं नाही गं," मॅडम म्हणाल्या. "वर्गात कोणाकडून तरी सर्दी घेऊन आलीस."

आणि कुंदन? खोटं कशाला सांगा, त्याच्या छातीवरचा मणाचा दगड उतरला. पोरीचा घसा सर्दीचा होता. शपथ त्याची नव्हतीच बाधली. त्याला वाचवायला परमेश्वराने साक्षात बर्फाचा गोळा पाठवला होता. आता गप्प राहायचं, पोरीला जवळ घ्यायचं, मोटरसायकलला किक मारायची. टिकारामकडे उद्याची पुडी असणारच होती. तो कित्येक तासांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

"चल बेटा," तो म्हणाला. "पप्पाले काही नाही झालं."

"नाही," रिता आईच्या कुशीतून मान काढत म्हणाली. "आधी पप्पाचा गळा पाहा. मॅडम, पप्पाचा पण पाहा न."

"अरे, हा लहान मुलांचा दवाखाना आहे," कुंदन घाईघाईने म्हणाला.

"मला चालतं," मॅडम म्हणाल्या. "बसा. आ करा."

कुंदनने आधी मॅडमकडे, मग दाराकडे, मग करुणाकडे पाहिलं. शेवटी त्याने रिताकडे पाहिलं. ती दोन्ही हात जोडून, श्वास रोखून उभी होती. कुंदनने आयुष्यात कुणासमोर उघडलं नसेल, एवढं तोंड उघडलं.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड किती उघडतं ते बघू. तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोन सहज गेली. तिसरं घालताना कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गेलं. "किती वर्षं खाता खर्रा?"

"सोडला मॅडम."

"कधी?"

"सोमवारी."

करुणाने आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर कुंदनला बरं वाटलं असतं. "कोणत्या सोमवारी?" तिने विचारलं. "वाढदिवस तं रविवारी होता."

मॅडमनी केसपेपर पुन्हा पुढे ओढला. रिताच्या नावावर रेघ मारून वर कुंदनचं नाव लिहिलं आणि आठ खोडून चौतीस केले. "मुलीचं आपोआप बरं होतं," त्या म्हणाल्या. "हे आपोआप होत नाही. गालाच्या आत पांढरा डाग आहे. अजून वेळ गेली नाही, पण आता एक चिमूटही नको. मी चिठ्ठी देते, ती घेऊन उद्याच दातांच्या डॉक्टरांकडे जा. मुलीला आणायची गरज नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कुंदन चिठ्ठीची घडी घालून पुन्हा उघडत होता. रिता मात्र सुटली होती. गोळा कोणत्या रंगाचा होता, कोणी किती चाखला, सगळं सांगत पुढे चालली होती. करुणा तिसऱ्या पायरीवर थांबली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"सोमवारपासून खरंच नाही खाल्ला?"

"नाही. पोरीसाठी जीव उडाला होता माझा."

"तुमच्यासाठी माझा आठ वर्षांपासून उडून राहिला," ती म्हणाली. "आता शपथ नका घेऊ जी. नुसतं सोडा."

"सोडला करुणा. पक्का सोडला," कुंदन म्हणाला, आणि बोलता बोलता सवयीने त्याचा उजवा हात मागे वळून आलेल्या रिताच्या डोक्याकडे उठला.

रिता चटकन खाली बसली.